कापड गेलं, नेसणं राहिलं: ताहितीच्या पारेऊची गोष्ट



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कपड्यावर बोलणार, आणि तेही समुद्रकिनाऱ्यावर गुंडाळायच्या कपड्यावर! तेव्हा हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो.

आमची नात मध्यंतरी गोव्याला गेली होती. येताना तिने एक पातळ, फुलाफुलांचं, रंगीत कापड आणलं. त्याला म्हणे पारेओ म्हणतात. सोबत घडी घातलेला एक कागद होता आणि त्यावर बारा आकृत्या होत्या: हेच एक कापड बांधण्याच्या बारा पद्धती. कमरेला, छातीला, एका खांद्यावर, मानेमागे, अशा. नात आकृत्या बघून बांधत होती आणि दर वेळी गाठ सुटत होती. आमची पत्नी शेजारी बसून बघत होती. शेवटी ती म्हणाली, "अगं, कागदात बघून कोणी नेसतं का?"

आम्ही त्या एका शब्दावर अडकलो. नेसणं. मराठी माणूस सदरा घालतो, शाल पांघरतो, पागोटं बांधतो. पण धोतर आणि लुगडं मात्र नेसतो. शिंप्याने आकार दिलेला कपडा आपण घालतो. ज्याला आकार अजून यायचा आहे, जो आपल्या हातांनी, आपल्या अंगावर, रोज नव्याने द्यायचा आहे, तो नेसतो. हा फरक दाखवणारं वेगळं क्रियापद आपल्याकडे आहे. इंग्रजीत सूट आणि साडी दोन्ही एकाच क्रियापदाने अंगावर चढतात. तेव्हा पारेओची गोष्ट मराठीतून सांगायला आपण बरे तयार आहोत, असं आम्हाला वाटलं आणि वाचायला बसलो.

हे कापड मूळचं ताहितीचं. ताहिती हे दक्षिण प्रशांत महासागरातलं बेट, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या साधारण मधोमध. आज तो फ्रान्सच्या ताब्यातला प्रदेश आहे. तिथल्या भाषेत शब्द आहे 'पारेऊ'. युरोपीय तोंडात त्याचा पारेओ झाला. आपण मूळ शब्दच वापरू.

युरोपातली जहाजं ताहितीला पोचली ती तीन वर्षांत लागोपाठ. १७६७ साली इंग्रज वॉलिस, १७६८ साली फ्रेंच बूगँव्हिल आणि १७६९ साली कॅप्टन कुक. कुक आला होता शुक्राचं अधिक्रमण बघायला, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना दिसतो ते. ते झालं ३ जून १७६९ रोजी. पण त्यासाठी तो तिथे तीन महिने राहिला आणि त्याच्याबरोबरच्या जोसेफ बँक्स या निसर्ग-अभ्यासकाने जे जे दिसलं ते टिपून ठेवलं. या प्रवासाचा वृत्तान्त हॉक्सवर्थ नावाच्या लेखकाने १७७३ साली लंडनमध्ये छापला. त्यात पारेऊचं वर्णन आहे.

ते वर्णन वाचताना आम्ही खुर्चीत सरळ बसलो. कारण त्यात मापं दिली आहेत. बऱ्या घरची बाई जे कापड कमरेभोवती अनेक वेढे देऊन नेसते आणि जे अर्ध्या पोटरीपर्यंत येतं, ते असतं सुमारे दोन वार रुंद आणि अकरा वार लांब. अकरा वार, मंडळी! आपल्या आज्या नऊवारी नेसत होत्या, आणि तिकडे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अकरावारी होती. आज बाजारात मिळणारा पारेऊ दोन वारांच्या आसपास असतो. बाकीचे नऊ वार कुठे गेले, हा आजच्या व्याख्यानाचा अर्धा विषय आहे.

उरलेला अर्धा विषय त्याच वृत्तान्तातल्या पुढच्या वाक्यात आहे. पुरुषांचा वेषही तसाच, असं तो सांगतो. फरक एवढाच की कमरेभोवतीचं कापड ते खाली लोंबू देत नाहीत, दोन पायांच्या मधून घेतात. आणि मग त्याला पारेऊ म्हणत नाहीत, 'मारो' म्हणतात.

आता हे नीट बघा. खाली सोडलं तर पारेऊ. पायांमधून घेतलं तर मारो. आपल्याला हे चटकन कळतं, कारण काष्टा म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. सकच्छ आणि विकच्छ हा भेद आपल्या धर्मशास्त्रातही आहे. म्हणजे ताहितीत ही नावं नेसण्याची होती. कापडाला वेगळा शब्द होता, 'आहू'.

आणि ते कापड तरी कसलं होतं? न्याय-वैशेषिक वाचलेल्यांना एक दृष्टान्त आठवेल, तंतू आणि पट. पट तंतूंमध्ये समवायाने राहतो, तंतू हे पटाचं समवायी कारण, वगैरे. आम्ही हा दृष्टान्त कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिला. पण ताहितीत तो कुणाला समजला नसता! कारण तिथल्या पटात तंतूच नव्हता. तिथे चरखा नव्हता, माग नव्हता. कापड होतं झाडाच्या सालीचं. जगात त्याला 'तापा' या नावाने ओळखतात.

ते करण्याची रीत अशी. 'आउते' नावाचं तुतीच्या कुळातलं झाड असतं. त्याचे सरळ, कोवळे सोट कापायचे, साल सोलायची, ती वाहत्या पाण्यात भिजवायची. मग बायका पाण्यात बसून शिंपल्याने वरची हिरवी साल खरवडून काढत. आतली पांढरी साल राही. तिच्या पट्ट्या शेजारी शेजारी, थरावर थर अशा मांडून रात्रभर ठेवायच्या, म्हणजे आपल्याच चिकाने त्या एकमेकींना धरतात. मग लाकडाच्या लांब चौकोनी ओंडक्यावर ठेवून बडवायच्या. बडवणं चार बाजूंचं असे आणि प्रत्येक बाजूवर खाचा, एका बाजूला जाड, दुसरीला बारीक, तिसरीला आणखी बारीक. जाडीकडून बारकाईकडे जात जात साल पसरत जाते आणि तिचं कापड होतं. चांगल्या आउतेचं कापड मलमलीसारखं पांढरं आणि मऊ निघे. फणसाच्या कुळातलं जे विलायती फणसाचं झाड, त्याच्या सालीचं थोडं जाडंभरडं. आणि वडाच्या जातीच्या एका झाडाचं तपकिरी.

रंगाची तर मजाच. तांबडा रंग करण्यासाठी ते एका रानउंबराच्या बारीक फळांचा चीक आणि 'तोऊ' नावाच्या झाडाची पानं घेत. चीक दुधासारखा, पानं हिरवी. दोन्हींत तांबडं काही नाही. एकत्र केलं की लालभडक. बँक्स या रंगावर फार खूश होता. पिवळ्यासाठी हळद, ती आपल्या ओळखीचीच.

या कापडात एक मोठी उणीव होती. पाणी लागलं की ते ओल्या कागदासारखं व्हायचं. धुणं हा प्रकार त्याला सोसत नसे. म्हणून ते सतत नव्याने करावं लागे आणि गावागावातून बडवण्याचा आवाज दिवसभर चालू असे. म्हणूनच ते संपत्ती होतं. मोठ्या घरचा माणूस अंगाभोवती किती कापड गुंडाळतो यावर त्याचा मान कळे. पाहुण्याला कापड भेट द्यायचं तर घड्या करून हातात देत नसत. देणारी व्यक्ती ते आपल्या अंगाला गुंडाळून येई आणि पाहुण्यासमोर उलगडून देई.

मान देण्याची रीतही कापडातूनच होती. थोरासमोर आलं की खांदे उघडे करून कापड कमरेपर्यंत खाली घ्यायचं. १७७३ साली कुक दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने बघितलं की तरुण राजा तू याच्यासमोर त्याचा जन्मदाता बापही असाच उघड्या खांद्यांनी उभा राहतो. आपण देवळात जाताना सदरा उतरवतो, पायताण काढतो. त्यात अंग दाखवण्याचा हेतू नसतो. पण बाहेरून आलेल्याला हे कोण सांगणार? युरोपच्या खलाशांनी हे उघडे खांदे बघितले आणि घरी जाऊन भलत्याच गोष्टी सांगितल्या. एका आदराच्या रीतीतून 'प्रेमाच्या बेटा'ची दंतकथा तयार झाली. तिचं ओझं तिथल्या बायका आजही वाहतात.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सर्वांत मोठ्या राजाचा एक खास पट्टा असे, 'मारो उरा', तांबड्या पिसांचा. प्रत्येक राज्याभिषेकाला त्यात भर घालत, म्हणजे तो एक प्रकारे वंशाचा इतिहासच होता. वॉलिसने १७६७ साली बेटावर आपला तांबडा झेंडा रोवला आणि बेट इंग्लंडच्या राजाचं झालं असं जाहीर केलं. ताहितीच्या लोकांनी काय केलं? तो झेंडा काढला आणि आपल्या मारो उरामध्ये शिवून टाकला. कुकने १७७७ साली तो बघितला, पुढे ब्लाय या कप्तानाने १७९२ साली त्याचं चित्रही काढलं. इंग्रजांना वाटलं, आपण बेट घेतलं. बेटाने त्यांचा झेंडा घेऊन कमरेला गुंडाळला. परकं कापड आपल्या नेसण्यात घेण्याची ही पहिली नोंद.

त्या बाजूने लंडनमध्ये काय चाललं होतं? १७८७ साली अलेक्झांडर शॉ नावाच्या माणसाने कुकच्या तिन्ही सफरींतून आलेल्या तापाचे लहान लहान तुकडे कापून ते पुस्तकांत बांधले. नमुन्यांची वही. कापड जपलं गेलं, आजही काही ग्रंथालयांत आहे. पण ते आता कुणी नेसणार नाही.

मग ५ मार्च १७९७ रोजी 'डफ' नावाचं जहाज लंडन मिशनरी सोसायटीच्या माणसांना घेऊन आलं. पुढची वीस-बावीस वर्षं धामधुमीची. साथींनी माणसं मेली, लढाया झाल्या आणि १८१९ साली राजा दुसरा पोमारे याने बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या अमलात नाचांवर बंदी आली. उघडे खांदे पाप ठरले. गळ्यापासून घोट्यापर्यंत लांब, सैल, बाह्यांचा झगा हा सभ्य बाईचा वेष झाला.

त्याच सुमारास व्यापारी जहाजांतून सुती कापड येऊ लागलं. मँचेस्टरसारख्या ठिकाणी छापलेलं. आपल्या मुंबई बंदरात ज्या गिरण्यांचे गठ्ठे उतरत होते, त्याच मुलखातल्या गिरण्या. आता जरा व्यवहाराने विचार करा. सुती कापड धुता येतं, पावसात विरघळत नाही, त्यासाठी आठवडाभर बडवायला नको. पण ते विकत घ्यावं लागतं आणि व्यापारी वारावर मोजून पैसे घेतो. आमचा तर्क असा की अकराचे दोन वार झाले ते इथे. घरी बडवलेलं कापड मनसोक्त गुंडाळता येतं. मोजून घेतलेलं नेमकंच अंगाला लागतं. हळूहळू ओंडक्यांवरचा आवाज थांबला. तापा करण्याचं ज्ञान ताहितीतून दोन-तीन पिढ्यांत जवळजवळ गेलं.

म्हणजे कापड गेलं. मग पारेऊ संपायला हवा होता. तो संपला नाही.

१८९१ साली चित्रकार पॉल गोगँ ताहितीला आला. त्या वर्षी त्याने काढलेलं 'किनाऱ्यावरच्या ताहिती स्त्रिया' हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. दोन बायका वाळूत बसल्या आहेत. एकीच्या अंगात मिशनचा गुलाबी झगा, दुसरीच्या कमरेला फुलांचा तांबडा पारेऊ. गोगँविषयी आमचं मत फारसं चांगलं नाही. त्याने तिथल्या कोवळ्या मुलींशी जे केलं त्यावर रंगांचं पांघरूण घालू नये. पण हे चित्र साक्ष म्हणून उपयोगी आहे. बेट फ्रान्सने १८८० साली कायमचं घेतलं होतं, मिशन येऊन जवळजवळ शंभर वर्षं झाली होती, कापड विलायतेत छापलेलं होतं. आणि तरी एक बाई ते न शिवता, पणजीसारखं कमरेला नेसून बसली होती.

आता प्रात्यक्षिक. आम्ही मुद्दाम ही लुंगी आणली आहे. शिवलेली नाही, उघडी. हा फरक लक्षात ठेवा. मलाया आणि जाव्याकडचा सारोंग बहुधा दोन्ही टोकं शिवून नळीसारखा केलेला असतो. पारेऊ उघडा आयतच राहतो.

कापड पाठीमागून घ्यायचं, दोन्ही टोकं पुढे आणायची, एकावर एक, कोपरा आत खोचायचा किंवा दोन कोपरे कुशीवर गाठायचे. ही कमरेची रीत, बायकांची आणि पुरुषांचीही. पुरुष वरची कड बाहेर दुमडून गुंडाळी करतात म्हणजे आखूड होतो, चालायला मोकळा.

तेच कापड काखेखालून घेतलं आणि छातीवर खोचलं की बाईचा घरचा वेष. खोचताना गाठ नाही, कापड कापडाला धरतं. हे जमायला सवय लागते, आमची नात तिथेच हरली होती. तीच दोन टोकं पुढे पिळून, एकमेकींवरून नेऊन मानेमागे बांधली की हात मोकळे राहतात आणि सुटण्याची भीती नाही. एका काखेखालून घेऊन दुसऱ्या खांद्यावर गाठ मारली की तिरका पदर. आणि मासेमारीला किंवा शेतात जाणारा पुरुष तेच कापड पायांमधून घेऊन मागे खोचतो. हा जुना मारो! सुताचा आहे, रंगीत आहे, पण हॉक्सवर्थच्या पुस्तकातला आहे.

नाचातही तसंच. नाचावर बंदी होती, पुढे फ्रेंचांनी १८८१पासून जुलैत आपला राष्ट्रीय सण सुरू केला आणि त्याच्या आडोशाने नाच परत आला. १९५६ साली मादलेन मूआ या माजी शिक्षिकेने आपलं पथक उभं केलं आणि नाचाला पुन्हा प्रतिष्ठा आणली. त्या नाचात कंबर बोलते, म्हणून पारेऊ खाली, थेट कमरेच्या हाडावर बांधतात. गाठ चार बोटं वर गेली तर नाच दिसत नाही. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. उभी राहून मोठी बहीण धाकटीला बांधून देते.

आणि कापड? तेही थोडं परत आलं. ताहितीत आज कापडाला ओला रंग लावतात, त्यावर झाडाची पानं, फुलं पसरतात आणि उन्हात ठेवतात. जिथे ऊन लागतं तिथे रंग गडद होतो, पानाखाली फिकट राहतो. पान उचललं की पानाचा छाप. झाडाची साल गेली, पण झाड पुन्हा कापडावर आलं.

बाकी जगाने काय केलं ते थोडक्यात. १९३६ साली हॉलीवूडने डोरोथी लॅमूर या नटीला मलायाच्या जंगलात सारोंग नेसवला, तो आरेखन केला ईडिथ हेडने. पुढच्याच वर्षी तीच नटी तसाच वेष करून प्रशांत महासागरातल्या बेटावर गेली. मलाया काय, ताहिती काय, प्रेक्षकांना सगळं एकच. १९४६च्या जुलैत अमेरिकेने बिकिनी या बेटावर अणुबाँब फोडला आणि चारच दिवसांनी पॅरिसमध्ये एका पोहण्याच्या वेषाला ते नाव मिळालं. पुढे त्या वेषावर गुंडाळायला पारेओ आला. स्वतः फ्रान्सने १९६६ ते १९९६ अशी तीस वर्षं ताहितीच्याच प्रदेशातल्या बेटांवर अणुचाचण्या केल्या. किनाऱ्यावर मजेत गुंडाळलेल्या त्या दोन चिंध्यांना हा इतिहास चिकटलेला आहे. नातीला आम्ही हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. ॲरिस्टॉटल म्हणतो, वस्तू म्हणजे द्रव्य आणि आकार. ब्राँझला मूर्तीचा आकार दिला की मूर्ती झाली, आणि ती तशीच राहते. नेसायच्या वस्त्राचं तसं नाही. त्याला सकाळी आकार येतो आणि रात्री दोरीवर टाकलं की तो निघून जातो. मग रात्री तो आकार कुठे असतो? आमचं उत्तर असं की तो हातात असतो, नेसणारीच्या हातात. आणि तो दुसऱ्या हातात गेला तरच टिकतो.

ताहितीत द्रव्य बदललं. साल गेली, सूत आलं, आता कृत्रिम धागाही आला आणि तो बऱ्याचदा इंडोनेशियात छापला जातो. मापही बदललं. हात टिकला. म्हणून ती वस्तू पारेऊच राहिली.

आपल्याकडे काय दिसतं? नऊवारी कापड आहे, काठ आहेत, पैठणी तर पूर्वीपेक्षा जास्त विकली जाते. पण लग्नाला, गणपतीला, ढोलपथकाला बघतो तर नऊवारी शिवलेली असते. पायजम्यासारखी घालायची, मागे चेन, पुढे हुक. त्यात सोय आहे, आम्ही नाकारत नाही. लोकल पकडणाऱ्या मुलीला काष्टा घालत बसायला वेळ नाही, आणि तिच्या अंगावर काय असावं हे सांगणारे आम्ही कोण? मिशनरी तेच करत होते. पण तत्त्वज्ञ म्हणून एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. ताहितीकरांनी कापड घालवून नेसणं राखलं. आपण कापड राखून नेसणं घालवतो आहोत. यात कुणाचं वस्त्र टिकलं?

हा प्रश्न आम्ही घरी जेवताना विचारला. पत्नी म्हणाली, "प्रश्न कसले विचारता? ट्रंक काढून द्या खाली." ट्रंकेत आमच्या आईचं एक इरकली लुगडं होतं. त्या दुपारी नात आणि आजी खोलीत दार लावून बसल्या. तासाभराने नात बाहेर आली, काष्टा जरा एका बाजूला गेलेला, आणि चार पावलं टाकताच गाठ सुटली. दोघी पुन्हा आत गेल्या. आम्ही हे भाषण लिहायला बसलो.